डाव्या हाताचं पाणी

हाताला सूज आल्याचं मला सगळ्यात आधी ब्लाउजने सांगितलं. डाव्या बाहीची शिवण दंडात रुतायला लागली होती आणि उजवी मात्र नेहमीसारखी सैल होती. मी शिंपिणीला नावं ठेवली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक असं सगळं पार पडून वर्ष होत आलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी आता नुसतं तपासणीला येत जा म्हणून सांगितलं होतं आणि घरी पेढे वाटून झाले होते. आजार संपला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्यात मीही होते. मग चूक शिंपिणीचीच असणार.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या काखेतल्या गाठी माझ्यासारख्याच काढल्या आहेत त्यांच्यासाठी. मला कोणी काही सांगितलंच नव्हतं असं मी म्हणणार नाही. घरी सोडताना एका सिस्टरने भराभरा सांगितलं होतं की या हातावर सुई घेऊ नका, बीपी मोजू देऊ नका, जड उचलू नका, खरचटू देऊ नका. मी मान हलवली होती. त्या दिवसांत मी सगळ्यांपुढेच मान हलवत होते. चहा हवा का विचारलं तरी तशीच आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करा म्हटलं तरी तशीच.

कालवण

आधी मी कोण ते सांगते. मी चिंचणीची. आमच्याकडे बऱ्याच घरांत डायचं काम चालतं. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाबतो आणि नक्षी उठते. तुमच्या गळ्यातल्या पेंडंटवरचं फूल कदाचित आमच्या आळीतल्या कोणीतरी कोरलेलं असेल. मी हे काम वडिलांजवळ बसून शिकले. लग्न गावातच झालं, त्यामुळे माझी हातोडी आणि छिन्न्या माझ्याबरोबर सासरी आल्या. आमचे हे, प्रवीण, तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. घरात सासूबाई आहेत. मुलगी लग्न होऊन वसईला गेली.

निदानाच्या दिवशी बोईसरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी जागच्या जागी होती. माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता, की बोंबलाचं कालवण ओट्यावर उघडंच राहिलंय आणि मागच्या दाराने मांजर येते. प्रवीण घामाने भिजले होते. ते डॉक्टरांना प्रश्न विचारत होते आणि मी मांजराचा विचार करत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुला समाजलं ना काय सांगितला त्यानी?"

"समाजलं," मी म्हटलं. "घरी चला लवकर."

मांजराने कालवणाला तोंड लावलं नव्हतं. आम्ही तेच जेवलो.

पुढे सगळं असंच झालं. केस गेले, भुवया गेल्या, एक बाजू सपाट झाली. बघायला येणाऱ्या बायका माझ्यापेक्षा जास्त रडायच्या आणि मीच त्यांना पाणी द्यायचे. कोणी गोमूत्र सुचवलं, कोणी कुठल्याशा पाल्याचा रस आणला, एकीने तर मंतरलेला दोरा आणला. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली होती. पण चिडसुद्धा येत नव्हती. ऑपरेशनमध्ये एक नस गेली म्हणून काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूपर्यंतचा भाग बधिर झाला होता. तिथे हात लावला तर दुसऱ्याच कोणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटायचं. मला ते सोयीचंच वाटलं. बाकीची मीही तशीच झाले होते.

एकच वाक्य मात्र मला आत कुठेतरी टोचायचं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "डावाच हात ना? बरं झालं. उजवा वाचला."

हे ज्याने डाय कोरलेली नाही तोच म्हणू शकतो. उजव्या हातात हातोडी असते. तो नुसता मारतो. छिन्नी डाव्या हातात असते. किती तिरकी धरायची, पाकळीच्या टोकाला कुठे उचलायची, पोलाद कुठे कडक लागतंय, हे सगळं डाव्या हाताच्या तीन बोटांना कळतं. पण हे कोणाकोणाला समजावत बसणार? मी मान हलवायचे.

आईंचे अंगठे

सूज दंडावरून खाली उतरली. आधी कोपराची खळी बुजली, मग मनगटाचं हाड दिसेनासं झालं. हात दुखत नव्हता, पण भिजलेल्या गोणपाटासारखा जड झाला होता. अंगठी निघेना तेव्हा साबण लावून काढली.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, आळीतल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तेल लावतात. त्यांच्या अंगठ्यांत एवढा जोर आहे की रडणारं पोर चोळून झाल्यावर चार तास झोपतं. त्यांनी माझा हात बघितला आणि लगेच खोबरेल कोमट केलं. "पानी साचलंय निसतं," त्या म्हणाल्या. "खाली उतरवतंय मी, बघ."

रोज दुपारी त्या माझा हात मांडीवर घ्यायच्या आणि खांद्यापासून बोटांपर्यंत पिळून काढायच्या. मला बरं वाटायचं. आजारपणात सगळे मला लांबूनच हात लावायचे, काचेची असल्यासारखे. आई मात्र मला कणकेसारखं मळायच्या. पंधरवड्यात माझी बोटं दुधी भोपळ्याच्या कोवळ्या फळासारखी गुळगुळीत आणि गोल झाली. मूठ वळेना. छिन्नी धरायला गेले तर ती बोटांतून फिरून जायला लागली.

त्या दिवशी मी प्रवीणला म्हटलं, "मला डॉक्टरकडे न्या." आजारपण सुरू झाल्यापासून मी स्वतःहून काही मागितलं ते हेच. कॅन्सरपायी जीव जाईल की राहील याचा मी फारसा विचार केला नव्हता. हात जाईल याचा केला.

उघाडी

बोईसरच्या डॉक्टरांनी पालघरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. अश्विनीताई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण मी त्यांना ताईच म्हणते. त्यांनी टेप घेऊन माझे दोन्ही हात मोजले, डाव्यावर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला माहितेय का, हे पाणी येतं कुठून?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. रक्त हृदयाच्या जोरावर फिरतं. फिरता फिरता त्यातलं थोडं पाणी बारीक नळ्यांतून झिरपून मांसात उतरतं आणि अंगाला पोसतं. ते सगळं काही आपलं आपण रक्तात परत जात नाही. उरलेलं गोळा करून आणायला शरीरात वेगळ्या नळ्या आहेत, कातडीच्या अगदी खालपासून सुरू होणाऱ्या. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. हे पाणी ढकलायला हृदयासारखं यंत्र नाही. त्या नळ्या स्वतः हळूहळू आवळतात, आणि आपण हात हलवला, खोल श्वास घेतला की पाणी पुढे सरकतं. वाटेत काखेत, जांघेत, मानेत गाठी असतात. तिथे पाणी गाळलं जातं आणि जंतू अडवले जातात. शेवटी गळ्याच्या हाडामागे ते परत रक्तात मिसळतं. पाणी मागे येऊ नये म्हणून नळ्यांमध्ये जागोजागी झडपा असतात आणि त्या एकाच बाजूला उघडतात.

"म्हंजे उघाडी," प्रवीण एकदम बोलले.

अश्विनीताईंना कळलं नाही. प्रवीणच्या घरची खाडीकाठी थोडी खार जमीन होती, लहानपण त्यांचं बांधावर गेलेलं. त्यांनी सांगितलं की बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी आलं की दार त्याच्याच दाबाने मिटतं आणि ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही. "आनि हिची उघाडीच काढून टाकली," ते म्हणाले.

"दारं आहेत अजून," ताई म्हणाल्या. "पुढचा नाला बुजलाय. गाठी काढल्या आणि शेकाने आजूबाजूची जागा आवळली. आता पाणी दुसऱ्या शेताकडून काढायचं. छातीवरून उजव्या काखेत आणि कुशीवरून खाली जांघेत."

मी सांगितलं की सासूबाई रोज चोळतात. कसं चोळतात ते करून दाखवलं.  ताई म्हणाल्या की दिशा उलटी आहे, आणि जोर इतका आहे की त्या बारीक नळ्या मिटून जातील. आधी मानेजवळची आणि छातीवरची जागा मोकळी करायची, मग दंड, मग कोपर, बोटं सगळ्यात शेवटी. पाणी नेहमी वर न्यायचं. पापणीवरून हात फिरवावा एवढाच जोर. नुसती कातडी सरकली पाहिजे.

घरी येऊन प्रवीणनी आईंना ते दाखवलं. आईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"येवड्यान काय व्हते? हातावं माशी बसली तरी यापेक्शा जोर लागतंय," त्या म्हणाल्या आणि तेलाची वाटी उचलून आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आपल्या हाताने सुनेचं वाईट झालं हे त्यांना सहन होत नव्हतं, हे मला कळत होतं. पण समजूत घालायला जी काही ऊब लागते ती माझ्याकडे उरली नव्हती. मी भाजी चिरत बसले.

पुढे ते हलकं चोळणं प्रवीण शिकले. पहिल्या पाळीवरून आले की आंघोळ करून बसायचे. ऑपरेशननंतर त्यांनी माझ्या त्या बाजूकडे पाहिलं नव्हतं आणि मीही दाखवली नव्हती. आता छातीवरून पाणी न्यायचं म्हणजे बघणं आलंच. पहिल्या दिवशी त्यांचा हात व्रणापाशी थांबला. मला तो जाणवत नव्हता, मी नुसती बघत होते. कारखान्यात वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह फिरवून राठ झालेला तो हात एवढा हळू चालू शकतो हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मग वर पट्ट्या बांधायच्या, बोटांपासून खांद्यापर्यंत, थरावर थर. उकाड्यात त्या पट्ट्यांचा जाच काय असतो ते ज्याने बांधल्या त्यालाच ठाऊक. पण मनगटाचं हाड परत दिसायला लागलं. नंतर पट्ट्यांच्या जागी घट्ट बाही आली. मूठ वळली. मी छिन्न्यांचा डबा उघडला.

लव

प्रत्येक धंद्याच्या काही खोडी असतात. छिन्नीला दगडावर धार लावली की आम्ही ती हाताच्या लवेवर तपासतो. छिन्नी उजव्या हातात धरून डाव्या हातावरून हलकी फिरवायची. लव कापली गेली तर धार बरोबर, नाहीतर पुन्हा दगड. वडील असंच करायचे, आळीतला प्रत्येक जण असंच करतो. चिंचणीत डायवाला ओळखायचा तर त्याच्या डाव्या हातावर एक बोडका चट्टा बघायचा.

केमोत माझ्या हातावरची लव गेली होती. तेव्हा ती परत आलेली पाहिली त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं. डोक्यावरच्या केसांचं एवढं नव्हतं वाटलं. मी बाही मनगटापासून कोपरापर्यंत वर सरकवली, धार लावली आणि हाताने आपणहून जे करायचं ते केलं. लव निघाली. थोडी कातडीही निघाली. अशी खरचटणी आमच्या हातावर रोज दोन असतात, त्यांना कोणी जखम म्हणत नाही. मी बाही परत खाली ओढली आणि दुपारभर पाकळ्या कोरल्या. त्या दिवशी मी खूश होते. इतक्या दिवसांनी वाटलेली ती पहिली चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हुडहुडी भरली. आईंनी दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. बाही काढली तर हात मनगटापासून खांद्यापर्यंत लाल आणि तव्यासारखा गरम. आईंनी लगेच शेजाऱ्याची रिक्षा बोलावली आणि प्रवीणना कारखान्यात फोन लावला. त्या हात लावायला धजत नव्हत्या, माझा पदर तेवढा घट्ट धरून बसल्या होत्या.

बोईसरच्या हॉस्पिटलात उजव्या हाताला सलाईन लावलं. वॉर्डातले दिवस सगळे एकाच रंगाचे. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग राउंड, मग इंजेक्शन, मग कोणाचा तरी डबा. शेजारच्या खाटेवर कुंभवलीच्या एका कामगाराची बायको होती, बिहारकडची. आपल्या डब्यातली अर्धी पोळी ती रोज माझ्या ताटात ठेवायची. "दीदी, अकेले नहीं खाया जाता," म्हणायची. मी खायचे. तिने मला कधीही काय झालंय म्हणून विचारलं नाही. तिचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

डॉक्टरांनी हातावरचा बोडका चट्टा पाहिला. हे कशाने झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात, म्हणाले, पण तुमच्या त्या हातात त्यांना अडवणारी चौकी राहिलेली नाही आणि पाणी साचलेलं आहे. एवढीशी जागा मिळाली की पसरतात. असं प्रत्येक दुखणं उरल्यासुरल्या नळ्या आणखी खराब करतं. पुढच्या वेळी सूज याहून जास्त येईल आणि कमी कमी उतरेल. कधी जंतू रक्तातही जातात. "पोलादाचं काम आहे तुमचं," ते म्हणाले. "कीस उडणार, टोचणार. विचार करा."

प्रवीण खाटेच्या पायथ्याशी उभे होते. 

शेठचा फोन

घरी आल्यावर मी विचार केला नाही. मी काम केलं. जाड हातमोजा घातला, बाही घातली, रोज थोडाच वेळ बसले. छिन्नीची धार आता जुन्या रबराच्या तुकड्यावर बघायचे. जाड काम जमत होतं. सरळ रेघा, कडा, मोठी पानं. पण हातमोज्यातून पोलाद कळत नव्हतं आणि हातमोजा काढला तरी बोटं पहिल्यासारखी बोलत नव्हती. एका पेंडंटची डाय होती, चाफ्याची. भिंगाखाली धरली तेव्हा पाकळीच्या काठाची रेघ थरथरलेली दिसली. दुसऱ्या कोणाला कदाचित दिसली नसती. वडिलांना दिसली असती. मला दिसली.

ती डाय मी घासून सपाट केली आणि पुन्हा कोरली. पुन्हा तशीच आली.

दुपारी मुंबईहून शेठचा फोन आला. शेठ दागिन्यांचे व्यापारी, माझ्याकडून वर्षानुवर्षं काम घेतात. आजारपणातही त्यांनी माझं बारीक काम दुसऱ्याला दिलं नव्हतं, थांबले होते. "चाफा झाला का, भाभी?" त्यांनी विचारलं.

"शेठ, बारीक काम माझ्याकडून आता होणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाला द्या."

 ते म्हणाले, "ठीक आहे. मोटा काम भेजूंगा." आणि लग्नसराईचं काहीतरी बोलून त्यांनी फोन ठेवला.

फोन ठेवला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. मला आधी कळलंच नाही की तो माझा आहे. कॅन्सर सांगितला तेव्हा मी रडले नव्हते. छाती गेली तेव्हा नाही, केस गेले तेव्हा नाही. आता मात्र पाटावर बसून मी गुरासारखी रडत होते आणि थांबता येत नव्हतं. हात गेल्याचं दुःख मला झालं. खूप झालं. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

प्रवीण पाळीवरून आले ते दारातच थबकले. ताप आला का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. शेठला काम परत दिलं. बारीक काम संपलं माझं.

मला वाटलं आता हे म्हणतील बरं केलंस, जीव महत्त्वाचा, जाड काम आहेच की. म्हणायचा हक्क त्यांना होता. माझ्या प्रत्येक तापाला त्यांच्या जिवाचं पाणी झालं होतं. पण ते तसं काहीच बोलले नाहीत. कारखान्याचा गणवेश अंगावर तसाच ठेवून ते समोर जमिनीवर बसले आणि माझा डावा हात बाहीसकट हातात घेतला.

"लोकं म्हनत व्हती डावाच हात गेला, बरं झालं," ते म्हणाले. "मला मायती हाय. तुजा डावाच खरा हात व्हता."

मग तेही रडायला लागले.